तुटलेली रेघ

सत्यवती गजभिये नागपूरच्या सोनेगाव विमानतळाजवळ हवामान कार्यालयात निरीक्षक होती. वारा, ऊन, ढग यांची दर तासाला नोंद करायची, हे तिचं काम. १९७७च्या डिसेंबरात ती काटोलला आपल्या जयवंता आत्याकडे गेली होती. आत्या संत्रा मंडीत फळं निवडायची. दिवसभर उघड्यावर बसून लहान-मोठी संत्री वेगळी काढायची. त्या सकाळी वरून एक जेट विमान गेलं आणि त्याच्यामागे पांढरी रेघ उमटली. आत्यानं हात लांब करून, बोटं आभाळाला लावून रेघेची रुंदी मापली.

"पाह्य वं, आता अर्धं बोट हाय. जेवणाच्या टायमापर्यंत चार बोटं होऊन जाते. विमान गेलं, पण हे काहून पसरून राहिलं?"

सत्यवती आत्याशेजारी बसून पाहत राहिली. दुपारपर्यंत ती रेघ पसरून पातळ ढग झाली आणि ऊन फिकट पडलं.

नागपूरला परतल्यावर तिनं जुन्या नोंदी काढल्या. ज्या संध्याकाळी असे ढग पसरत, त्या रात्री जमिनीची उष्णता वर सुटून जात नव्हती. पहाटेचा पारा फारसा उतरत नव्हता. एका विमानानं काय होणार? पण विमानं दरवर्षी वाढत होती. हे पांघरूण सगळ्या देशांवर पसरत गेलं तर? तिनं ठरवलं, शोधून काढायचंच.

तीन हिवाळे ती कार्यालयाच्या गच्चीवर घड्याळ घेऊन उभी राहिली. प्रत्येक रेघ किती वेळ टिकली ते वहीत लिहायची, मग विमानतळाच्या कंट्रोल टॉवरला फोन करून ते विमान किती उंचीवर होतं ते विचारायची. काटोलहून दर आठवड्याला आत्याचं पोस्टकार्ड यायचं. आत्याला लिहिता येत नव्हतं. ती रेघा काढायची आणि रेघ जितकी बोटं रुंद, तितके ठिपके तिच्याखाली द्यायची.

तिसऱ्या हिवाळ्यात गोष्ट उघड झाली. टिकणाऱ्या रेघा सगळ्या उंचीवर उमटत नव्हत्या. वर ओलसर, अतिथंड हवेचा एक पातळ थर असायचा. त्यातून गेलेल्या विमानाच्या धुरावर बर्फाचे कण धरत आणि पसरत. त्याच सकाळी चार हजार फूट खालून गेलेल्या विमानामागे काहीच राहत नसे.

ती कार्यालयाचे प्रमुख मनोहरराव देशकर यांच्याकडे गेली. साहेबांनी तिची वही चाळली.

"गजभिये बाई, मेहनत मोठी आहे. पण आपलं काम ढग मोजायचं. ढग थांबवायचं नाही."

"हे ढग माणसानं केलेत, साहेब. माणसालाच थांबवता येतील."

"पायलट तुमचं ऐकणार आहे काय?"

त्याचं उत्तर पुढच्याच आठवड्यात मिळालं. मुंबई-कलकत्ता विमान बिघाडामुळे नागपूरला उतरलं आणि त्याचे कॅप्टन ताराचंद जैस्वाल हवेचा अंदाज घ्यायला कार्यालयात आले. ते मूळचे नागपूरच्याच सीताबर्डीचे. सत्यवतीनं वही त्यांच्यापुढे ठेवली.

"खाली उडलं का तेल जास्त जळते, मॅडम," ते म्हणाले.

"फक्त पंधरा मिनिटं. ओला पट्टा ओलांडला की परत वर जा."

त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. "आमची दोन विमानं सकाळी अर्ध्या तासाच्या अंतरानं जातात. सोमवारी दुसऱ्यात मी हाय. टॉवरला सांगा. पाहूनच घेऊ."

सोमवारी अख्खं कार्यालय गच्चीवर आलं. मनोहररावही स्वेटर घालून येऊन उभे राहिले. पहिलं विमान सदतीस हजार फुटांवरून गेलं. दहा मिनिटांनी त्याची रेघ दुप्पट रुंद झाली होती. सत्यवतीनं टॉवरला फोन केला, "थर सदतीसवर आहे. दुसऱ्याला तेहतीसवर आणा."

दुसरं विमान काटोलच्या बाजूनं दिसलं. त्याच्यामागेही पांढरी, जाड रेघ होती.

कोणीतरी हसलं. मनोहररावांनी घड्याळ पाहिलं, तेच तिला जास्त लागलं. तीन वर्षांची वही चुकली काय? तिनं आत जाऊन पुन्हा फोन उचलला.

"परवानगी उशिरा मिळाली," टॉवरवाला म्हणाला. "ते आत्ता तेहतीसवर उतरून राहिले."

ती धावत बाहेर आली. विमान बरोबर डोक्यावर होतं. रेघ बारीक झाली, विरळ झाली आणि कात्रीनं कापावी तशी तुटली. पुढे उन्हात चमकणारं विमान कामठीकडे निघालं. त्याच्यामागे निळं आभाळ, नुसतं निळं.

"तेच विमान!" मनोहरराव ओरडले. "तेच इंजिन, तेच तेल! पाहा हो, पाहा!" त्यांनी शिपायाचा हात धरून आभाळाकडे उंचावला. गच्चीवर टाळ्या वाजायला लागल्या. सत्यवतीला हसू येत होतं आणि डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं.

गुरुवारी काटोलहून कार्ड आलं. सोमवारच्या दोन रेघा, दोन्ही पसरलेल्या. दुसरं विमान तिथून गेलं तेव्हा तेही वरच्याच थरात होतं. मनोहररावांनी ते कार्ड आपल्या अहवालाला टाचलं आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं: शोध: सत्यवती गजभिये; काटोल येथील निरीक्षण: जयवंताबाई गजभिये.

त्या हिवाळ्यात एकोणीस सकाळी प्रयोग झाला. सतरा वेळा आभाळ स्वच्छ राहिलं. कॅप्टन जैस्वालांनी आपल्या कंपनीत भांडून बाकीच्या पायलटांनाही राजी केलं, आणि पुढच्या नोव्हेंबरात लेखी हुकूम आला: नागपूरवरून जाणाऱ्या कंपनीच्या विमानांनी हवामान कार्यालय सांगेल ती उंची घ्यावी.

पहिल्या दिवशी टॉवरच्या अधिकाऱ्यानं सत्यवतीला वर बोलावलं आणि मायक्रोफोन तिच्याच हातात दिला. "तुम्हीच सांगा, बाई."

तिनं बटण दाबलं. "नागपूर हवामान. ओला थर सदतीसवर. तेहतीसवर या."

"येतो, नागपूर," अनोळखी आवाज म्हणाला.

दुपारपर्यंत पाच विमानं गेली. प्रत्येकाला तिनं उंची दिली, प्रत्येकानं ती घेतली.

खिडकीबाहेर काटोलपासून कामठीपर्यंत आभाळावर एक ओरखडासुद्धा नव्हता.