न बिघडणारे रूळ

आमच्या सिमेंट कंपनीची हडपसरच्या पुढे स्वतःची दोन किलोमीटर रेल्वेलाइन आहे. यंदा प्रश्न असा होता की जास्त माल नेणाऱ्या जड वाघिणी, म्हणजे मालडबे, घ्यायच्या, की आधी रूळ मजबूत करायचे. दोन्हींना पुरतील एवढे पैसे नव्हते. काम माझ्याकडे आलं, कारण खराडीच्या ऑफिसात मला एक्सेल येतं. रूळ मी पाहिले नव्हते.

देखभाल गेनबाकाका एकटे करायचे. त्यांच्या अकरा वर्षांच्या वह्या मागवल्या. रोज एकच नोंद: ‘सर्व ठीक.’ अशा चार हजार. दिवाळीतसुद्धा ठीक. मी निष्कर्ष काढला, हे रूळ बिघडतच नाहीत. सबब जड वाघिणी घ्याव्यात, रुळांना हात लावू नये आणि गेनबाकाकांची जागा रद्द करावी.

“किती क्लीन डेटा आहे रे!” आमच्या विभागप्रमुख श्रद्धा मॅडम म्हणाल्या. मला सर्टिफिकेट मिळालं.

काकांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी निरोपाचा नारळ घेऊन मी पहिल्यांदा लाइनवर गेलो. काका हातोडी घेऊन चालत होते. रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकायची, पुढे जायचं. टोकाला पोचल्यावर त्यांनी वही काढली आणि लिहिलं, ‘सर्व ठीक.’

“काका, चाळीस तरी सैल होत्या!”

“व्हत्या की. ठोकल्या.”

“मग लिहिलं का नाही?”

“ठोकल्यावर ठीकच झाल्या न्हवं? खोटं कसं लिवू?”

मी तिथूनच मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “वाघिणी आल्यासुद्धा. लेखी पुरावा आहे का काही?”

लेखी पुरावा भरपूर होता. सगळा माझ्याविरुद्ध.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी एक वाघीण रुळांवरून उतरून बाभळीत जाऊन बसली. कुणाला लागलं नाही. कंपनीने काकांना परत बोलवायचं ठरवलं आणि पत्र द्यायला मलाच त्यांच्या घरी पाठवलं.

पत्र ऐकून काकांनी एका पायात बूट घातलासुद्धा.

“वाघिणी त्याच हायेत?”

“हो.”

“रूळ बदलले?”

“नाही.”

त्यांनी बूट काढला. “मग हातोडी पुरायची न्हाय, साहेब. आधी इचारायचं व्हतं.”

मी पत्राची घडी घातली.

“मी रोज तितंच व्हतो की.”

सुनेने चहा आणला. आणलेला चहा टाकून उठता येत नाही, म्हणून बसलो. फार गरम होता.