ओल्या पाठीवरचं पॉलिश

ज्या घरात मूल आहे, त्या घराला दुसऱ्या घराचं कौतुक ऐकावंच लागतं. त्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे, त्यांची आई रागावत नाही, त्यांचे बाबा लवकर येतात. तुम्ही-आम्ही हसून सोडून देतो. पण एखादं कौतुक सोडून देता येत नाही, ते घशात अडकतं. एका पॉलिशवाल्याच्या घशात असंच एका कासवाचं कौतुक अडकलं.

हा माणूस बावीस वर्षं लाकडी सामानाला पॉलिश करत होता. मोडकळीला आलेलं कपाट त्याच्या हाताखालून गेलं की आरशासारखं दिसायचं. नऊ वर्षांची एकुलती एक लेक हा त्याचा जीव. दीड वर्षापूर्वी तिच्या हट्टाखातर त्याने तळहाताएवढं पाणकासव आणून दिलं होतं. ते पाण्यात बसलं की डब्याचं झाकण पडल्यासारखं दिसायचं, म्हणून त्याचं नाव झाकण. खिडकीशेजारच्या फळीवर काचेच्या टाकीत ते राहायचं. रस्त्याची धूळ येते म्हणून खिडकी कायम बंद. पाणी गढूळ झालं की बदलायचं, डब्यातलं सुकं खाणं चिमूटभर टाकायचं, एवढीच त्याची बडदास्त.

वरच्या मजल्यावर एक घड्याळ दुरुस्त करणारा राहायचा. एकटा, साठीचा माणूस. त्याच्याकडेही एक कासव होतं. लेक शाळेतून आली की दप्तर टाकून वर पळायची आणि तासाभराने खाली यायची ती बोलतच.

"बाबा, घड्याळकाकांच्या कासवाची पाठ बघा एकदा. कसली टणक आहे! आपल्या झाकणाची कडेला दाबली की दबते."

"दाबतेस कशाला मग?"

दोन दिवसांनी पुन्हा. "बाबा, झाकणाच्या पाठीवर पांढरं काहीतरी आलंय. काकांच्या कासवाला नाहीये तसं."

"मग राहायलाच जा ना वर. अंथरूण-पांघरूण देतो बांधून."

लेकीचा चेहरा उतरला. पॉलिशवाल्याची बायको भांडी पुसत होती. ती म्हणाली, "अहो, पोर कासवाबद्दल बोलतेय. तुमच्याबद्दल नाही."

"कळतंय मला, कोणाबद्दल बोलतेय ते."

त्याला खरंच तसं वाटत होतं. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून लेकीचं हसणं ऐकू आलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. आपण दिवसभर स्पिरिटच्या वासात उभे राहून हिच्यासाठी राबतो आणि ही हसते वर जाऊन. तो डोळ्याला भिंग लावून बसणारा म्हातारा, त्याला काय काम? कासवाची पाठ पुसत बसत असेल दिवसभर. चहा पिताना, दात घासताना, दुसऱ्याच्या टेबलावर हात फिरवताना त्याच्या डोक्यात तेच. लेक नेमकी किती मिनिटं वर असते, हेही तो मोजायला लागला.

एका सुट्टीच्या दिवशी मायलेकी मामाकडे गेल्या. पॉलिशवाल्याने झाकणाला टाकीतून काढून वर्तमानपत्रावर ठेवलं. पाठ निस्तेज, मधे खडूसारखे पांढरे डाग, एका बाजूला नखाएवढा भाग मऊ. दुसऱ्या कोणाला शंका आली असती. त्याला मात्र समोर एक जुनं स्टूल दिसलं. त्याने बारीक काचकागद घेऊन डाग घासले. झाकणाने डोकं आणि पाय आत ओढून घेतले आणि फुस्स केलं. "थांब रे, झालंच," असं म्हणत त्याने कापसाचा बोळा लाखेच्या पॉलिशमध्ये बुडवला आणि एकावर एक तीन हात मारले.

लेक परत आली आणि टाकीसमोर उभी राहिली. "चमकतंय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण बाबा, याला चालतं का हे?"

"बावीस वर्षं हेच करतोय मी."

त्या संध्याकाळी ती वर गेली नाही. त्याला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम झाकणासकट टाकी धुवायला बाहेरच्या नळावर घेऊन गेला, आणि तेही घड्याळवाल्याची यायची वेळ साधून.

घड्याळवाला थबकला. "मिस्त्री, हे काय लावलंत त्याला?"

"का? डोळ्यात खुपलं?"

"खुपायचं काय त्यात? अहो, त्याची पाठ म्हणजे..."

पण पॉलिशवाला टाकी उचलून घरात गेलासुद्धा. जिंकल्यासारखं वाटत होतं त्याला.

बाराव्या दिवशी बायको म्हणाली, "घरात काहीतरी मेलंय बहुतेक. वास येतोय." फळीमागे, कपाटाखाली शोधून झालं. शेवटी लेकीने टाकीत नाक घातलं. झाकणाने तीन दिवस काही खाल्लं नव्हतं. पाठीवरच्या पॉलिशला एका जागी फुगा आला होता. तिने बोटाने दाबल्यावर तो फुटला आणि आतून लालसर पाणी आलं.

ती रडली नाही. टाकी कवटाळून दारात उभी राहिली. "मी काकांना दाखवते."

"नको."

"मग तुम्ही बरं करा."

पॉलिशवाल्याने तिच्या हातातून टाकी घेतली आणि स्वतः जिना चढायला लागला. अठरा पायऱ्या. लाकडाची ओझी वाहिलेला माणूस तो, पण पायऱ्या संपता संपेनात.

घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावून पाठ पाहिली. एक शब्द लागट बोलला नाही. "हे माझ्या हातचं काम नाही, मिस्त्री. चला, डॉक्टरांकडे. आत्ता." आणि चपला घातल्या. लेकही पिशवी घेऊन मागोमाग निघाली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी झाकणाला टॉवेलवर ठेवलं. "पॉलिश काढावं लागेल."

"स्पिरिटने लगेच निघेल," पॉलिशवाला घाईने म्हणाला.

"अहो, थांबा! हे टेबल नाही. याच्या पाठीला नसा आहेत, रक्त आहे. मणका आणि बरगड्या याच कवचाला जोडलेल्या आहेत. इथे बोट लावलं तरी त्याला कळतं."

पॉलिशवाल्याला काचकागद आठवला. ते फुस्स करणं आठवलं.

"कधीपासून आहे हे?" बाईंनी विचारलं.

लेकीने पिशवीतून झाकणाच्या नोंदींची एक वही काढली आणि तारीखवार वाचून दाखवलं. "कडा मऊ. काका म्हणाले, बाबांना सांग. बाबांना सांगितलं. वाटाण्याएवढा पांढरा डाग. बाबांना परत सांगितलं. बाबा रागावले."

पॉलिशवाल्याच्या ध्यानात आलं, की पोर इतके दिवस घड्याळवाल्याचं कौतुक करतच नव्हती. ती मदत मागत होती, आणि तीही त्याच्याकडेच.

बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही पॉलिशचं काम करता ना? ओल्या लाकडावर पॉलिश मारता का कधी?"

"छे. ओल आत कोंडते. वरून चमकतं आणि आतून कु..."

बोलता बोलता त्याची नजर टॉवेलवरच्या झाकणाकडे गेली.

बाईंनी तासभर बसून पॉलिश सोलून काढलं, कुजलेला भाग साफ केला, इंजेक्शन दिलं. जखमेचं औषध पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून कसं लावायचं ते दाखवलं. दिवसभर कोरड्या खोक्यात ठेवायचं आणि रोज तासभरच पाण्यात सोडायचं, खाण्यापिण्यापुरतं. "आणि मुळात हे असं का झालं, तर घाण पाणी, एकच एक खाणं आणि ऊन नाही."

"ऊन येतं की खिडकीतून."

"बंद काचेतून. याच्या हाडांना जे लागतं ते काचेतून येत नाही."

बाकावर बसलेला घड्याळवाला हळूच म्हणाला, "माझं पहिलं कासव असंच गेलं. गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून दुकानाच्या काचेत ठेवलं होतं. पाठ लोण्यासारखी मऊ झाली, तरी मला कळलं नाही. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून तुमच्या लेकीला एकेक गोष्ट सांगत होतो."

"मला सांगायचंत," पॉलिशवाला म्हणाला आणि लगेच मान खाली घातली. "नळावर सांगायला आला होतात तुम्ही."

सात आठवडे गेले. पॉलिशवाला सकाळी कामावर जायच्या आधी औषध लावायचा, इतक्या हलक्या हाताने की बायको म्हणाली, "आमच्या कपाळाला बाम लावताना कुठे जातो हा हात?" खिडकी उघडली. टाकीत पाणी गाळणारं यंत्र आलं, चढून बसायला कोरडा दगड आला, त्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला दिवा आला. हिरवा पाला आणि हाडांसाठी समुद्रफेसाचा तुकडा घड्याळवाल्याने आणून दिला. संध्याकाळी लेक वर जायची, आणि कधी कधी बापही मागोमाग जायचा. पाचव्या आठवड्यात झाकणाने त्याच्या बोटातलं पान ओढून घेतलं, तेव्हा त्याने घड्याळवाल्याला जिन्यातूनच हाक मारली.

पाठ टणक झाली, पण कुजलेल्या जागी एक खड्डा कायमचा राहिला.

मंडळी, तुमच्या घरी कासव असेल तर आठवड्यातून एकदा त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. मऊ लागलं, खड्डा पडला, डाग वाढला, वास आला, तर तेल-रंग काही लावू नका, डॉक्टर गाठा. कासवाला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. आणि कासव नसलं, तरी एवढं करा. घरातलं कोणी दुसऱ्याचं चांगलं सांगत असेल, तर रागावण्याआधी विचारा, की आपल्याकडे काय दुखतंय. जळणाऱ्या माणसाला टोमणा लगेच ऐकू येतो, हाक ऐकू येत नाही.

परवा पॉलिशवाल्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं. टाकीत डोकावून म्हणालं, "एवढे कसबी तुम्ही, हा खड्डा नाही का भरता येत?"

"येतो," पॉलिशवाला म्हणाला. "पण तो माझ्याच हातचा आहे. राहू दे दिसत."