डबीला झोप लागेना

कंपनीत त्याला सगळे झोपमास्तर म्हणत. त्यात थट्टा थोडी आणि हुद्द्याचं वर्णन जास्त होतं, कारण यंत्रांना झोपवायचा त्याला पगार मिळत असे.

प्रत्येक संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी बसलेला असतो. कुणाला वीज द्यायची, कुणाला थांबवायचं, कुणी आता जरा आडवं व्हायला हरकत नाही, हे सगळं तो बघतो. या कारभाऱ्याला झोपेचे नियम झोपमास्तर लिहून देई. झोप दोन तऱ्हेची. एक डुलकी: हाक मारली की लगेच ‘ओ’ येते, पण वीज फारशी वाचत नाही. दुसरी गाढ झोप: वीज भरपूर वाचते, पण उठल्यावर डोळे चोळायचे, आपण कोण, कुठे, कशासाठी हे आठवायचं, यात वेळ जातो. म्हणून यंत्राचा प्रत्येक भाग कारभाऱ्याकडे आधीच मागणी नोंदवतो, ‘मला हाक आली की अमुक इतक्या वेळात जाग आलीच पाहिजे.’ मागण्या अनेक आल्या, तर त्यांतली सगळ्यांत कडक ती सगळ्यांना लागू. पहाटेची गाडी एकालाच पकडायची असते आणि उठतं सगळं घर, तसाच हा प्रकार.

नियमात काही खोट नव्हती. खोट माणसांत होती, पण माणसं दुरुस्त करणं झोपमास्तरच्या खात्यात येत नव्हतं.

कंपनी एक डबी बनवत होती. आजारी किंवा वयस्कर माणसाने ती गळ्यात अडकवायची, गरज लागली की बटण दाबायचं, आणि घरातल्या दुसऱ्या खोलीत घंटा वाजायची. एकदा चार्ज केली की डबी आठवडाभर चालेल, असं जाहिरातीत छापून झालं होतं. प्रत्यक्षात ती सकाळी चार्जरवरून काढली की दुपारच्या जेवणापर्यंत कशीबशी तग धरायची. जाहिरात आधी आणि डबी मागून, ही कंपनीची जुनीच पद्धत.

चाचणीची एक डबी झोपमास्तरने घरी आणून आपल्या आईच्या गळ्यात घातली होती. आईचं पुढच्या खोलीत राज्य होतं. खिडकीशी खुर्ची, आणि खिडकीतून ती गल्लीतल्या गाड्यांची व्यवस्था बघायची. कुणी वेडीवाकडी गाडी लावली की आतूनच आवाज द्यायची, आणि दांडगे दांडगे पुरुष निमूटपणे गाडी पुढे घ्यायचे. बायको मागच्या खोलीत पडदे शिवून विकायची. मशीन सुरू असलं की तिला दारावरची बेलसुद्धा ऐकू यायची नाही. घंटा म्हणून तिच्या मशीनशेजारी ठेवली होती.

बुधवारी आईचा न्हाणीघरात पाय घसरला. लागलं काही नाही, पण उठता येईना. तिने बटण दाबलं. डबी केव्हाच मान टाकून बसली होती. पुढे बायकोच्या मशीनचा दोरा तुटला, घर शांत झालं, तेव्हा कुठे आईची हाक मागे पोचली.

संध्याकाळी झोपमास्तरच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तिला घरात सगळे ताई म्हणत, आणि म्हणताना जरा सावरून बसत.

“रविवारी येते,” ताई म्हणाली. “आईची बॅग भरून ठेव. माझ्याकडे राहील ती. तुझ्या त्या खेळण्याच्या भरवशावर नको.”

“ताई, दुरुस्त होईल ते.”

“कधी?”

ताईने आईला फोनवर बोलावलं. आई म्हणाली, “चालेल गं,” आणि फोन परत देऊन खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर एक गाडी चक्क फाटक अडवून उभी राहिली, तरी ती एक शब्द बोलली नाही. तेव्हा झोपमास्तरला घाबरायला झालं. ताईच्या घरी सगळं वेळच्या वेळी आणि जागच्या जागी. तिथे आईला खोली मिळाली असती, औषध मिळालं असतं. गल्ली मात्र मिळाली नसती. ताई सातव्या मजल्यावर राहते.

दुसऱ्या दिवशी तो थेट साहेबांकडे गेला.

“बॅटरी मोठी बसवू,” साहेब म्हणाले.

“साहेब, गळ्यात अडकवायची वस्तू आहे. वीट होईल.”

साहेबांनी विचार केला. “मग दोरी जाड घेऊ.”

झोपमास्तर तिथून निघाला आणि टेबलाटेबलाशी फिरू लागला. डबीत भाग थोडेच: एक दिवा, माणूस तोल जाऊन पडलं तर ओळखणारा एक तुकडा, बटण, आणि घंटेला निरोप धाडणारा रेडिओ. पण प्रत्येकाच्या माणसाने कारभाऱ्याकडे कडकातली कडक मागणी नोंदवून ठेवली होती, त्यामुळे कुणालाच कधी झोप लागत नव्हती. याला इतिहास होता. पूर्वी एकदा पाहुण्यांसमोर एका यंत्राचा आवाज किंचित उशिरा आला, तेव्हा साहेबांनी तो भाग लिहिणाऱ्याला भर बैठकीत उभं करून विचारलं होतं, “तुम्ही झोपला होतात का?” तेव्हापासून कंपनीत रिवाजच पडला: मागणी कडक नोंदवायची, आणि काम झालं तरी मागे घ्यायची नाही. खुर्ची सोडली की दुसरा बसतो, तशी भीती.

दिव्याचं काम बघणाऱ्या बाईंना सगळे दिवेवाली म्हणत.

“दिवा लागायला जरा उशीर झाला तर काय बिघडेल?” झोपमास्तरने विचारलं.

“मास्तर, दिवा म्हणजे डबीचा चेहरा आहे.”

“डबी स्वेटरच्या आत असते हो. चेहरा बघतंय कोण?”

“प्रश्न तत्त्वाचा आहे. तोलवाल्याने आपली मागणी आधी ढिली करावी. मग मी विचार करीन. करीनच असं नाही.”

तोलवाला म्हणजे पडणं ओळखणाऱ्या तुकड्याचा माणूस. तो पलीकडेच बसून सगळं ऐकत होता.

“मी करतो की ढिली,” तो म्हणाला. “उशीर झाला तर जबाबदार तुम्ही, एवढं लिहून द्या. आणि काय हो, दिव्याची मागणी माझ्याहून कडक आहे?”

“थोडीशी.”

“असं?” तोलवाला म्हणाला, संगणकाकडे वळला आणि त्याने आपली मागणी दिव्यापेक्षा कडक करून टाकली. दिवेवालीने मान उंच करून ते बघितलं आणि तीही कामाला लागली; तिने तर दिवा कायमचा लावूनच ठेवला.

झोपमास्तरच्या या फेरीचं फलित असं की आधी डबी जेवणापर्यंत टिकायची, ती आता नाश्त्यालाच आटपली.

मग त्याने सरळपणाचा नाद सोडला. कॉफीच्या यंत्राशेजारी भिंतीवर एक मोठा पडदा होता. त्यावर एरवी कंपनीचे सुविचार फिरत. त्याने एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला आणि शुक्रवारी सकाळी पडद्यावर एकच ओळ झळकली: ‘डबी या क्षणी कुणामुळे जागी आहे’. खाली मोठ्या अक्षरांत नाव. ज्याची मागणी सगळ्यांत कडक, त्याचं.

कप हातात घेऊन सगळे गोळा झाले. नाव उमटलं. झोपमास्तरचं.

नोकरीला लागल्या लागल्या त्याने चाचणीसाठी म्हणून एक मागणी नोंदवली होती. उशीर शून्य. ती मागे घ्यायची राहून गेली होती.

“चोर सापडला,” तोलवाला म्हणाला.

“मास्तर, उगाच आमच्या दिव्याच्या मागे लागलात,” दिवेवाली म्हणाली. ती खरोखर हळहळली, आणि ते जास्त लागलं.

झोपमास्तरचे कान तापले. त्याने मागणी मागे घेतली. पडद्यावरचं नाव बदललं आणि दिवेवालीचं आलं. आता हसण्याची पाळी दुसऱ्यांची होती. दिवेवाली कॉफी तशीच ठेवून टेबलाकडे धावली. मग तोलवाला धावला. मग बटणवाला. दुपारपर्यंत एकेकाने अशी काही माघार घेतली की विचारता सोय नाही. ‘मला कितीही उशीर चालेल.’ ‘सवडीने उठवा.’ ‘नाही उठवलं तरी हरकत नाही.’ ज्या माणसांना निमिषभर थांबणं अपमानाचं वाटत होतं, ती आता संतपदाला पोचली. साहेबांनी सांघिक भावनेबद्दल सर्वांचं अभिनंदन केलं आणि पाहुणे यायच्या आत तो पडदा बंद करायला सांगितलं.

शनिवारी नवी कारभार-व्यवस्था घातलेली डबी आईच्या गळ्यात होती. सकाळ गेली, दुपार आली, बॅटरीचा आकडा जेमतेम हलला. झोपमास्तर शीळ घालत घरभर फिरला.

जेवणानंतर आईने बटण दाबलं. घंटा वाजली नाही. थोड्या वेळाने आई भिंत धरत धरत स्वतःच मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “माझा चष्मा बघितलास का गं?” बायको चष्मा शोधायला उठली, तेवढ्यात तिच्या कानाशी घंटा घणाणली.

“अहो,” बायकोने हाक मारली. “तुमची डबी आईंच्या मागून चालत आली बघा.”

त्याने तपासलं. रेडिओ इतका गाढ झोपला होता की उठून घंटेचा पत्ता नव्याने शोधेपर्यंत आईचा सगळा प्रवास उरकला होता. ज्याला खरी घाई होती त्या बटणवाल्यानेही इतरांबरोबर लाजून मागणी सोडून दिली होती. नेमका उशीर किती चालेल, हे आता कुणाला तरी विचारायला हवं होतं. तो आईजवळ जाऊन बसला.

“आई, बटण दाबल्यावर तुला किती वेळ थांबता येईल?”

“मला कसली मेली घाई? सावकाश येऊ दे तिला. कामं असतात तिची.”

“तरी, अंदाजे?”

“तुम्हाला जमेल तसं.”

हा सूर त्याच्या ओळखीचा होता. कालपासून अख्खी कंपनी याच सुरात बोलत होती.

त्याने मग विचारणं बंद केलं. वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं आणि कडेने बघत बसला. आईने एका निळ्या गाडीला मागे घ्यायला लावलं. मग तिला पाणी हवं झालं. खुर्चीत मांडी घालून बसलेल्या तिने आधी गुडघ्यावर हात ठेवला. मग कंबरेतून पुढे झुकली. मग बटण आणि पाय एकदमच: बोट दाबायला आणि पावलं जमिनीला टेकायला एकच गाठ पडली. थांबणं हा प्रकारच नव्हता. तोंडाने ती सवडीने या म्हणत होती आणि पाय कुणाचीच वाट बघत नव्हते.

“आई, बस! मी आणतो पाणी,” तो ओरडला, आणि पाणी देऊन तसाच तोलवाल्याला फोन लावला.

“सुट्टीच्या दिवशी?” तोलवाला म्हणाला.

“ती पुढे झुकली की तुझ्या तुकड्याला कळतं ना?”

“कळतं. पण माझ्या नावाने मागणी नको हां. पडद्यावर—”

“मागणी बटणाच्या नावाने. तू फक्त खबर द्यायचीस.”

“खबर कितीही देतो,” तोलवाला उदारपणे म्हणाला.

संध्याकाळपर्यंत झोपमास्तरने नियम बदलला. आई स्वस्थ बसली असेल तोवर डबीने खुशाल घोरावं. ती पुढे झुकली, किंवा कुठेही तिचा तोल गेला, की त्याच क्षणी बटणाच्या नावाने कडक मागणी लागावी आणि रेडिओने डोळे चोळत उठून बसावं. बोलावणं पोचलं, किंवा आई पुन्हा मागे टेकली, की मागणी आपोआप सुटावी. सोडायची आठवण कुणी ठेवायची, हा प्रश्नच त्याने ठेवला नाही. स्वतःचा अनुभव ताजा होता.

रविवारी ताई आली. हातात मोठी बॅग होती, रिकामी; भावाच्याने आईची बॅग भरून झाली नसणार, हे तिला ठाऊक होतं. चप्पल काढायच्या आधी ती म्हणाली, “दाखव तुझं खेळणं.”

आई झुकली, बटण दाबलं. तिचे पाय जमिनीला लागायच्या आत मागे घंटा वाजली आणि बायको कात्रीसकट हजर झाली.

“पुन्हा,” ताई म्हणाली.

पुन्हा घंटा, पुन्हा बायको. ताईने इतक्या वेळा करायला लावलं, की शेवटी बायको आली ती कात्री जरा जास्तच घट्ट धरून. बॅटरी मात्र शाबूत होती.

“बरं,” ताई म्हणाली. “चालतं, मान्य. पण बॅग आणलीय आता. आणि आईलाही बदल हवाच आहे. हो ना गं आई?”

“माझं काय,” आई म्हणाली, “तुम्ही दोघं मिळून—”

“आई, असलं नको,” झोपमास्तर मध्येच म्हणाला. आईशी इतक्या वरच्या आवाजात तो शाळेत असतानाही बोलला नव्हता. “सवडीने नको आणि चालेल नको. तुला काय हवंय ते सांग.”

आईने त्याच्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं.

“मला जायचं नाही,” ती म्हणाली.

ताई जागच्या जागी थबकली. “मग फोनवर चालेल का म्हणालीस?”

“तू बॅग भर म्हणालीस. येतेस का, असं कुठे विचारलंस?”

ताई त्या रिकाम्या बॅगेवर बसली. बॅग हळूहळू खाली दबली, तशी ताईही दबली. आईने हात पुढे करून तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“ताई, जेवायला थांबणार ना?” बायकोने कात्री खाली ठेवत विचारलं.

“नको गं. उगाच तुला त्रास.”

“नीट सांग,” आई म्हणाली. “भूक लागलीय का?”

“लागलीय,” ताई म्हणाली. “सकाळपासून काही खाल्लं नाही.”