सरांचे स्नॅपशॉट

सर्व्हरच्या खोलीत एसीच्या हवेलाही गुटख्याचा वास असे. ओमप्रकाश सर नुकतेच येऊन गेलेत, हे हर्षाला दारातच कळे आणि तिचं नाक आपोआप आक्रसे.

वर्ध्याजवळच्या त्या छोट्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर संगणक विभागाचे प्रमुख होते. हर्षा सर्व्हर सांभाळायची. साल २००९. उद्या तपासणी समिती येणार म्हणून सरांनी त्या एकाच सर्व्हरवर वीस आभासी मशिनी, म्हणजे त्याच्याच पोटात चालणारे वीस संगणक, उभ्या केल्या होत्या, प्रत्येकीच्या नावावर शंभर जीबी. डिस्कमध्ये तेवढी जागा नव्हतीच. पाहुणे पाटावर बसवायचे आणि भात लागेल तसा शिजवायचा, अशी ही व्यवस्था. पातेल्यात किती उरलंय ते कुणी पाहत राहिलं तर वाईट नाही.

सर मात्र प्रत्येक डेमोआधी स्नॅपशॉट घेत, म्हणजे मशीन त्या क्षणी जशी असेल तशी जपून ठेवत. मग नंतर काहीही पुसलं तरी जुनं डिस्कवरच अडून राही. सरांनी एकही स्नॅपशॉट कधी पुसला नव्हता. वर त्याला ते बॅकअप म्हणत.

दुपारी डिस्क भरली. सगळ्या मशिनी थिजल्या, त्या वीस आणि आधीची सपनाचीही. शेवटच्या वर्षाच्या या मुलीनं नाचणगावच्या विहिरींच्या पाण्याची वर्षभराची मोजमापं तिथंच ठेवली होती. व्हायरसच्या भीतीनं सरांनी पेनड्राइव्ह बंद केले होते, त्यामुळे दुसरी प्रत नव्हती.

"पोरीची मशीन उडवून टाका," सर म्हणाले. "समितीले काय बंद पडदा दाखवू?"

"सर, तुमच्या वीस मशिनी रिकाम्या आहेत, त्या काढून काही सुटणार नाही. जागा जुन्या स्नॅपशॉटनी खाल्लीय."

"तो बॅकअप आहे मॅडम, त्याले हात नका लावू. हिनं विहिरीचं पाणीच तर मोजलं. पुन्हा मोजन."

सपना दारातच उभी होती. "सर, उन्हाळ्यातलं पाणी आता कुठून आणू?"

"मनानं लिहून टाक ना बेटा! कोण पाह्यते?"

सर चहा सांगायला गेले, तेवढ्यात हर्षानं त्यांचे स्नॅपशॉट एकेक करून पुसले. जागा सुटली, मशिनी हलल्या. सपनाचा तक्ता उघडला. एकही आकडा गेला नव्हता. सर परत येऊन भडकले, पण वीसच्या वीस मशिनी चालू दिसताच पुन्हा चहाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे त्यांनी सपनालाच उभं केलं. "काल सर्व्हर बसला होता साहेब. पण आपला बॅकअप पक्का! हिचा एक आकडा गेला नाई. सांग ना बेटा."

"हो सर," सपना खाली बघत म्हणाली. तिची तोंडी परीक्षा सरांकडेच होती.

समितीतल्या साहेबांनी समोसा चावत मान डोलावली. हर्षानं आपली प्लेट तशीच खिडकीत सरकवली. सगळे जेवायला गेल्यावर तिनं तक्ता सीडीवर उतरवून सपनाच्या हातात दिला.

"घरी ठेव," ती म्हणाली. "या लोकांच्या भरवशावर काही ठेवू नकोस."