पारोसा देव

अंबरनाथच्या कारखान्यांच्या मागे, ओढ्याच्या काठावर, एका लहानशा आगरी गावात शंकराचे जुने दगडी देऊळ होते. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी ते कळसापासून जोत्यापर्यंत ओढ्याच्या पाण्याने धुण्याची रीत होती. ओढ्यापासून देवळापर्यंत माणसांची रांग लागे आणि घागरी हातोहात वर येत. पहिल्या घागरीचा मान सगुणाबाईच्या घराकडे होता. सासूच्या मागे तो तिच्याकडे आला होता.

गेल्या काही वर्षांत देवळाचा चुना झडू लागला होता. दाराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या चुन्याच्या मोरांच्या आधी माना गेल्या, मग पिसारे. दगडांच्या सांध्यांत बोट शिरू लागले. देवाची सेवा कमी पडते आहे, असा गावाने त्याचा अर्थ लावला आणि वर्षातून एकदा होणारे धुणे दर सोमवारी सुरू केले. भिंत अधिकच झडली.

शेवटी सगुणाबाईचा दीर अनंता याने दुरुस्ती मनावर घेतली. तो रेल्वेच्या कारशेडमधून निवृत्त झाला होता. ठेकेदाराने सिमेंट सुचवले, पण सिमेंटात दगड कोंडतो आणि ओल आतच मुरते, हे अनंताने बाहेरगावच्या एका देवळात पाहिले होते. डोंगर फोडून नवा दगड आणायचा नाही, पडलेलाच पुन्हा बसवायचा, आणि चुना गावानेच मळायचा, असे ठरले. बैल जुंपून दगडी घाण्यात चुना मळला गेला. त्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा पडला. अनंताच्या सांगण्यावरून बायकांनी ओढ्याच्या काठावर करंजाची रोपे लावली. दिवाळीच्या सुमारास मोर पुन्हा उभे राहिले. चुना पक्का होईपर्यंत धुणे थांबवले होते. भिंतीवरचे गोणपाट तेवढे विहिरीच्या पाण्याने ओले ठेवत.

एक्क्याण्णव सालच्या महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सगुणाबाई नव्या मोरासमोर घागर घेऊन उभी राहिली.

"बेताबेतानं ओत गो," मागून काशी म्हणाली. "मोर उडून जाईल."

"उडला तं तुझ्याच कौलावर बसंल. तुझ्या घरात दाने लई."

रांगेत हसू फुटले. सगुणाबाईने घागर कलती केली. मोराच्या मानेवरून पाणी उतरले आणि भिंत फसफसली. पांढरा फेस दगडाच्या सांध्यांतून वर आला, तापल्या तव्यावर थेंब पडावेत तसा बारीक आवाज करत. हसणे थांबले. जुन्या, शेवाळ चढलेल्या भिंतीवर असा फेस कधी दिसला नव्हता.

"देव बोलला," कोणीतरी हळूच म्हणाले. हात जोडले गेले. काशीने भक्तीने आपलीही घागर ओतली. फेस आणखी वाढला.

सगुणाबाईने मोराला हात लावला. चोच तिच्या तळहातावर उतरली, ओल्या पिठासारखी मऊ.  तिने तो तळहात दिराकडे केला.

तिचा मुलगा जयदेव ओढ्याकडून धावत वर आला. तो रंगांच्या रसायनांच्या कारखान्यात कामाला होता. त्याने फेसावर वाकून वास घेतला आणि दुसऱ्याच्या हातातली घागर खाली ठेवायला लावली.

"कोनी पानी ओतू नका."

"काय झालं?" अनंताने विचारले.

"हा वास आमच्या डिपार्टमेंटचा हाय, काका. ॲसिडच्या टाकीचा." जयदेव खाली बघत बोलत होता. "रविवारी हापिसाला सुट्टी असते, सरकारी तपासनीस येत नाय. टाकी धुतात आन वढ्यात सोडतात. साहेब बोलतात, पान्यात मिसळून जातं."

"कोन सोडतो?"

"व्हॉल्व्ह मीच खोलतो."

"कवापासून?"

"कामाला लागलो तवापासून."

अनंता जोत्यावर बसला. "आन आमी सोमवारी धुतो," तो म्हणाला.

 माणसे एकमेकांकडे आणि मग आपापल्या घागरींकडे पाहत राहिली. काशी म्हणाली, "म्हंजे इतकी वर्सं आमी देवाला..." आणि तिने पदर तोंडाला लावला.

अनंता जोत्यावरून उठला. "विहिरीच्या पान्यानं धुवू. भिंत तरी वाचंल."

"आन वढ्याचं पानी?" सगुणाबाईने विचारले. "ढोरा तेच पितात, भावजी. पोरी तिथंच कपडे धुतात. करंज तुमीच लावायला सांगितले ना? त्यांनाबी तेच पानी."

तिने रिकामी घागर उचलून देवळाच्या उंबऱ्यावर पालथी घातली. "वढ्याचं पानी धड होत नाय तवर देव पारोसा राहील."

आता मात्र रांगेत कुजबुज उठली. न्हाऊ न घातलेल्या देवाची पूजा होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. एक म्हातारा "पाप हाय, बाय" म्हणाला, पण घागर सरळ करायला कोणी पुढे झाले नाही. ती तिच्या मानाची घागर होती.

"आये," जयदेव म्हणाला, "व्हॉल्व्ह खोलायला मी नाय बोललो तं माझी नोकरी जाईल. आपलं घर तिच्यावर चालतं."

ती त्याच्या हातांकडे पाहत होती. नखे पिवळी पडली होती. ही हळद लागली आहे, असे लग्नकार्यांत ती पाहुण्यांना हसत सांगत आली होती. 

महाशिवरात्रीला गावात कोणी बेल वाहिला नाही. रविवारी जयदेव डबा घेऊन नेहमीप्रमाणे कामावर गेला. तो तिथे काय करणार आहे, हे त्याने सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही.

दुपारी सगुणाबाई ओढ्यावर गेली. भिंतीखाली गळालेल्या चुन्याचे तुकडे तिने पदरात बांधून आणले होते. करंजाच्या रोपांजवळ बसून तिने एक तुकडा पाण्यात टाकला. पाणी फसफसले नाही. टाकी अजून सुटली नसेल, असे म्हणून ती बसून राहिली. उन्हे कलली. आठवड्यापूर्वीचे पाणी डबक्यात जिथे साचले होते तिथे दुसरा तुकडा थोडा फेसाळला. वाहत्या पाण्यात टाकलेला तिसरा तसाच तळाशी गेला.

तेवढ्यात कारखान्याच्या बाजूच्या पायवाटेने जयदेव येताना दिसला. पाळी सुटायला अजून वेळ होता. डबा त्याच्या हातात होता आणि तो न उघडलेला होता, हे तो हाताला जड लोंबत होता त्यावरून तिला लांबूनच कळले.

 पदरातला आणखी एक तुकडा काढून तिने पाण्यात टाकला आणि तो तळाला टेकेपर्यंत त्या तुकड्याकडे बघत राहिली.