गुंडीचा मुका

मास्तरांच्या दुकानात कापड बेतायचं आणि कापायचं काम बायकोचं, शिवायचं मास्तरांचं. गिऱ्हाइकं तिला मास्तरीणबाई म्हणत. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात त्यांची कुत्री झोपलेली असे. नाकाचा शेंडा कोटाच्या गुंडीसारखा काळा आणि चकचकीत, म्हणून नाव गुंडी.

मूलबाळ नव्हतं. मास्तरांचा सगळा जीव गुंडीवर. मशीनवरून उठले की जमिनीवर बसायचे, तिचं थोबाड दोन्ही हातांत धरायचे आणि तोंडाला तोंड लावून मुका घ्यायचे. तीही त्यांचे ओठ, नाक, मिशा चाटून काढायची.

लग्नाआधी स्कूटरवरून पडल्यामुळे मास्तरांची पानथरी, म्हणजे प्लीहा, काढावी लागली होती. त्याचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं. पण मध्यंतरी साध्या खोकल्यासाठी ते बायकोला घेऊन दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोटावरचा व्रण पाहिला आणि दोघांना समोर बसवलं.

"धडधाकट माणसाच्या गालाला कुत्रं चाटलं तर सहसा काही होत नाही. तोंड धुतलं की झालं. तुमचं तसं नाही, तुमची पानथरी काढलेली आहे. कुत्र्याच्या तोंडातले जंतू तुमच्या रक्तात गेले तर त्यांना अडवायला आत कुणी नाही. तोंडाला तोंड नको, जखमेला जीभ नको. ताप आला तर घरी थांबायचं नाही, सरळ इथे यायचं."

मास्तरांनी मान डोलावली. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी गुंडीचा मुका घेतला.

"अहो, आत्ता काय सांगितलं त्यांनी?"

"काळजी घ्या म्हणाल्या. घेतोय की. कुत्र्याचं तोंड आपल्यापेक्षा स्वच्छ असतं, माहितीये का?"

"सकाळी ते तोंड गटारात होतं. मी पाहिलंय."

मास्तर हसले. ती रोज सांगायची, ते रोज हसायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, बायको कुत्रीवर जळते. मास्तर तेही हसून ऐकून घ्यायचे, आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत गणवेशांचं काम अंगावर आलं होतं. घाईत मशीनची सुई मास्तरांच्या बोटात घुसली. त्यांनी ती उपसली आणि रक्त आलेलं बोट टेबलाखाली धरलं. गुंडी चाटू लागली.

"बघ, आपली नर्स आली."

"हात धुवा."

"हे काज संपवतो आणि धुतो."

धुतलाच नाही. उलट नर्सचे आभार म्हणून खाली वाकून तिचा मुका घेतला. मास्तरीणबाईनं पुढचं कापड बेतायला घेतलं. भिंतीशी किती बोलायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर मशीनवरच थंडीनं कुडकुडू लागले. "दगदग झाली, पडतो जरा," म्हणाले. तिनं ऐकलं नाही. गिऱ्हाइकाच्याच गाडीत घालून त्यांना त्याच डॉक्टरीणबाईंच्या इस्पितळात नेलं. संध्याकाळपर्यंत त्यांची शुद्ध गेली. मग बोटं काळीनिळी पडू लागली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जखम चाटली होती?"

"हो. आणि मुकाही घेतला होता."

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रक्तात कुत्र्याच्या तोंडातलाच जंतू सापडला.

मास्तरांची मोठी बहीण आणि तिचे यजमान धावत आले. पहिल्या दिवशी तिनं भावाच्या दुकानाची किल्ली मागून घेतली, आवराआवर करते म्हणून. दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारी बसून म्हणाली, "ती अवदसा घालवून दिली. यांनी गाडीत घालून गावाबाहेर सोडली."

मास्तरीणबाई उभी राहिली.

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय? तिनं माझ्या भावाला मरणाच्या दारात नेऊन ठेवलंय."

"ताई, डॉक्टरांनी कुत्रीला बसवून सांगितलं नव्हतं. तुमच्या भावाला सांगितलं होतं. माझ्यासमोर."

"तो आत असा पडलाय आणि तू त्याला बोल लावतेस?"

"हो. शुद्धीवर आले की तोंडावर बोलणार आहे. तुम्ही इथे बसा. भाऊजी, गाडी काढा."

यजमानांनी बायकोकडे पाहिलं, मग मास्तरीणबाईकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं गाडी काढली. बंद पडलेल्या वीटभट्टीजवळ, जिथे उतरवली होती तिथेच, गुंडी रस्त्याच्या कडेला बसून होती. पाय चिखलानं भरलेले, दुसऱ्या कुत्र्यांनी कान फाडलेला. मास्तरीणबाईनं तिला उचललं तशी ती थरथरत तिचा गाल चाटू लागली. तिला हे कधीच आवडलं नव्हतं. आज तिनं चाटू दिलं आणि घरी जाऊन साबणानं तोंड धुतलं. तेवढंच तर करायचं होतं.

मास्तर वाचले. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं मात्र कापावी लागली. बोलण्याइतकं बळ आल्यावर त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तरी बरं, वाचलो, नाहीतर तुला बोलायला कोण उरलं असतं?"

"हसवू नका. मी बाहेरच्या बाकावर बसून तुमच्याशिवाय कसं जगायचं याचा विचार करत होते. तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. सांगणारी डॉक्टर बाई, घरी सांगणारी मी बाई. म्हणून तुम्ही हसत होता. तेच एखाद्या मिशीवाल्यानं सांगितलं असतं तर वहीत लिहून घेतलं असतं."

मास्तरांनी पट्ट्या बांधलेला हात पांघरुणाखाली सरकवला. मग म्हणाले, "खरंय."

"खरंय म्हणून बोटं येणार नाहीत."

"नाही येणार."

घरी आले त्या दिवशी गुंडीनं उडी घेतली. मास्तरांनी तोंड फिरवलं आणि कोपरानं तिला खाली ढकललं. ती गोंधळून मागे सरली, परत आली, परत ढकलली गेली. मास्तर भिंतीकडे तोंड करून रडले. मास्तरीणबाईनं पट्टा धरून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "पाठीवरून हात फिरवा. त्याला कुणाची ना नाही. मग साबणानं धुवायचा."

आता मास्तरीणबाई मशीनवर बसते. मास्तर उजव्या हातानं खडूच्या खुणा करतात, जमेल तसं कापतात, चुकतात. परवा त्यांनी हळूच विचारलं, "अजून रागावली आहेस?"

"हो," ती म्हणाली, आणि पायाखालचं पॅडल दाबलं.