पलंगाखाली मुरलेली रायफल

पत्र्याचं जुनं पन्हळ, त्यात उकळणारं पाणी.

वादळात आडवं झालेलं अक्रोडाचं झाड.

बोटाएवढा कुंकवाचा ठिपका.

काळं पडलेलं लाल.

मित्रांनो, या तुकड्यांतून मी झाले. मी एक जुनी शिकारी रायफल आहे. इतर बंदुका दुकानातून तयार होऊन येतात. मला जन्माला यायला सहा वर्षांहून जास्त लागली.

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या शशिधररावांना नवी रायफल परवडत नव्हती. जमेल तसा एकेक भाग घ्यायचा, असं ठरवून त्यांनी रीतसर परवाना काढला. गोळी भरायचा माझा सांगाडा एका जुन्या लष्करी बंदुकीतून आला. मग सत्त्याऐंशी सालच्या वादळात शेजारचं अक्रोडाचं झाड पडलं. खांद्याला टेकतो त्या माझ्या लाकडी दस्त्यासाठी त्यांनी त्याची जाड फळी मागून आणली. ओलं लाकूड नंतर वाळताना वाकतं, नळीला ढकलतं आणि नेम चुकतो. म्हणून ती फळी पलंगाखाली वाळत पडली. त्यांचे मुंबईपासूनचे मित्र नॅथन दर भेटीत खाली वाकून बघत.

"शशी, रायफल करतोयस की लोणचं मुरवतोयस?"

अखेर फळी वाळली, दस्ता झाला, नळी बसली. जादा दारू भरून माझी कसोटीही झाली. नळीला काळा रंग चढवणं तेवढं राहिलं, कारण चकचकीत पोलाद हरणाला दुरून दिसतं. जवळच्या एका शेतकऱ्याची कोवळी झाडं हरणं सोलून खात होती, त्याने शिकारीची परवानगी दिली होती. पण परवाना तपासायला आलेला पोलीस कंटाळला होता.

"मागच्या वेळीही 'बनवतोय' म्हणालात. वापरत नसाल तर परवाना कशाला? फेब्रुवारीत परत येतो."

तेवढ्यात दसरा आला. शस्त्रपूजेला मला पाटावर ठेवलं.

"अहो, ओलं कुंकू लावू ना? पोलाद आहे हे," प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"अगं, शस्त्र आहे. लाव."

सकाळी कुंकू पुसलं, तर खाली गंज! नळी घासून काळी करून देणाऱ्या कारागिराला मार्चपर्यंत सवड नव्हती. तोवर परवाना गेला असता आणि माझे भाग पुन्हा सुटे होऊन विकले गेले असते.

"मी विचारलं होतं," म्हणत प्रमोदिनीबाईंनी डागावर उकळतं पाणी ओतलं. मग त्या थबकल्या. "अहो, लाल होतं ते काळं कसं झालं?"

शशिधरराव डागाकडे बघत राहिले. गंज उकळला की काळा होतो! जुने कारागीर नळी मुद्दाम गंजवायचे, हे त्यांनी कधीतरी वाचलं होतं. मग घरातच प्रयोग सुरू झाला. दस्ता काढून मला दमट बाथरूममध्ये गंजवायचं, शेगडीवरच्या पाणी भरलेल्या पन्हळात उकळायचं, घासायचं, पुन्हा गंजवायचं. स्वयंपाकघराच्या काचांवर वाफ धरली.

"शेगडी मोकळी करा! पोळ्या काय तुमच्या पन्हळात भाजू?"

प्रत्येक खेपेला मी थोडी अधिक काळी होत होते. मलाच माझं नवल वाटत होतं.

नेमबाजीच्या रेंजवर नेम जुळवून झाला आणि जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही शेतावर गेलो. दुर्बीण घेऊन नॅथनही आले.

"मी खाणार नाही हं, आम्हा ज्यूंना गोळीने मारलेलं चालत नाही. पण इतकी वर्षं थांबलोय, बघणार तर!"

कुंपणाशी हरणाची एक मादी आली. जखमी होऊन ती पळाली, तर? लाकूड खरंच वाळलं होतं का? मलाही ठाऊक नव्हतं.

एकच गोळी. मादी जागच्या जागी कोसळली. शशिधररावांनी टोपी काढली.

"मुरलं रे," नॅथन हळूच म्हणाले.

फेब्रुवारीत पोलिसाने परवान्यावर सही केली. डागाच्या जागी नळीवर एक बारीक खळगा राहिला होता. त्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, "हे काय?"

"आमचा सण," शशिधरराव म्हणाले.

आता दसऱ्याला माझ्या कपाटावर सुकं फूल असतं. मित्रांनो, लोखंडाला कोरडं फडकं द्या. जिने जीव जातो ती वस्तू कुलपात ठेवा. आणि ज्याला वाळायला वेळ लागतो, त्याला तो द्या.

वादळाच्या आदल्या संध्याकाळी, माझा दस्ता अजून उभं झाड असताना, प्रमोदिनीबाईंनी त्या झाडाखालचे ओंजळभर अक्रोड वेचले होते.